घेणाऱ्याचे नाव नसलेली दानपत्रे
खेड्यातले वाचनालय, शाळा आणि इंटरनेटचे अनुदान : एक चिकित्सा

नागावहून अलिबागकडे निघाले की पहिले गाव लागते आक्षी. या गावातल्या शिलालेखामुळे मी संशोधनाच्या नादाला लागलो. शिक्षण बेताचे, पोटापाण्यासाठी पतसंस्थेत कारकुनी आणि उरलेल्या वेळात दगड, ताम्रपट, मोडी कागद, असे माझे तीस वर्षांचे आयुष्य आहे. आक्षीचा लेख मराठीतल्या ज्ञात शिलालेखांमध्ये सर्वांत जुन्यांपैकी एक. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचतात. कोकणचा राजा केसिदेवराय, त्याचा प्रधान भइर्जु सेणुई, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी नेमून दिलेले नऊ कुवली धान्य, एवढा त्याचा ऐवज.

दगड झिजलेला आहे. काही अक्षरांवर विद्वानांचे मतभेदही आहेत. तरी हजार वर्षांनंतर रस्त्याने जाणाऱ्या माणसाला त्यावरून कळते, की देणारा कोण, घेणारा कोण आणि माप किती. ताम्रपटांमध्ये तर चौथी गोष्टही असते. हे दान किती काळ चालायचे? तिथे उत्तर ठरलेले असते : चंद्रसूर्य असेपर्यंत. कोणतेही दानपत्र हाती आले की हे चार प्रश्न विचारायचे, ही सवय मला त्या दगडाने लावली.

या लेखात मी तेच चार प्रश्न आजच्या दोन दानपत्रांना विचारणार आहे. दोन्ही दिल्लीची आहेत. एक १ फेब्रुवारी २०२३ चे आणि दुसरे १ फेब्रुवारी २०२५ चे. दोन्ही म्हणजे अर्थसंकल्पाच्या भाषणातले एकेक वाक्य. जुन्या लेखांचा अभ्यासक अर्थसंकल्पाकडे कसा वळला, हे आधी सांगायला हवे.

वाचनालयातली एक संध्याकाळ

गेल्या जूनमधली गोष्ट. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाईन पद्धतीने सुरू झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर आणि आणखी काही मोठ्या शहरांपुरती होती. आता किनाऱ्यावरच्या मुलीनेही अर्जाचा भाग एक भरायचा, भाग दोनमध्ये एकापासून दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यायचे, कागदपत्रे चढवायची, आणि यादी लागली की मुदतीत पुन्हा आत जाऊन होकार द्यायचा.

आमच्या भागात 'ड' वर्गाचे एक वाचनालय आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या वाचनालयाचा नाही. मी तिथला जुना सभासद. वार्षिक अहवाल लिहून देणे आणि जमाखर्चाची बेरीज तपासणे, एवढी माझी सेवा. एका संध्याकाळी शेजारची मुलगी आईला घेऊन आली. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांबरोबर. वडील पर्यटकांची गाडी चालवतात, फोनशिवाय त्यांना भाडे मिळत नाही.

"काका, इथे कॉम्प्युटर आहे ना? पसंतीक्रम बदलायचाय, उद्या शेवटची तारीख आहे."

कॉम्प्युटर होता. एका मुंबईकर चाकरमान्याने आईच्या स्मरणार्थ दिलेला. त्यावर ग्रंथपाल बाईंनी शिवलेले फुलाफुलांचे आवरणही होते. इंटरनेट नव्हते. मार्चपासून बिल थकले होते आणि जोडणी बंद होती. बाई ओशाळल्या आणि मला म्हणाल्या, "भरायला मी माझ्या पदरचे भरीन हो. पण खर्च टाकू कुठल्या खात्यावर?"

दुसऱ्या दिवशी वडिलांनी दुपारचे भाडे सोडले आणि ते मुलीला घेऊन अलिबागला गेले. तिथे रांग होती. अर्ज झाला, पण पसंतीक्रम बदलायचा राहिला. मुलीला प्रवेश मिळाला, तो तिच्या दुसऱ्या पसंतीचा. कुणाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले असे मी म्हणत नाही. पण बाईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी जमाखर्चाची वही घरी आणली, आणि तिच्या मागोमाग कायदा, नियम, योजना आणि भाषणे.

पहिले वाक्य : २०२३

२०२३ च्या भाषणात अर्थमंत्र्यांनी मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा केली. त्याच्याच पुढे आशय असा होता, की पंचायत आणि वॉर्ड पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारावीत आणि तिथे या डिजिटल ग्रंथालयापर्यंत पोहोचण्याच्या सोयी द्याव्यात, यासाठी राज्यांना प्रोत्साहन दिले जाईल.

वाक्य चांगले आहे. ग्रंथालय आणि इंटरनेट यांना एका दमात जोडणारे असे वाक्य अर्थसंकल्पात क्वचितच येते. आता चार प्रश्न. देणारा कोण? राज्ये. घेणारा कोण? जी ग्रंथालये उभारली जातील ती. महाराष्ट्रात कायद्याने मान्य झालेली अकरा हजारांच्या आसपास ग्रंथालये आधीच उभी आहेत, त्यांचे काय, याचा उल्लेख नाही. किती? 'प्रोत्साहन' हे माप नव्हे. कुवली असती तर मोजता आली असती. किती काळ? तेही नाही. अशा लेखाला आम्ही दानपत्र म्हणत नाही, प्रशस्ती म्हणतो.

दुसरे वाक्य : २०२५

दोन वर्षांनी आलेले वाक्य मात्र नेमके आहे. ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेट प्रकल्पातून ब्रॉडबँड जोडणी दिली जाईल. इथे देणारा आहे, प्रकल्प आहे, 'सर्व' हा शब्दही आहे. मग अडचण कुठे? अडचण घेणाऱ्याच्या नावात आहे. ग्रंथालय हा शब्द या वाक्यात आलाच नाही. आणि 'सरकारी माध्यमिक शाळा' हे तीन शब्द नागावच्या मोजपट्टीवर ठेवले, तर हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

नागावचे मूल आधी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत जाते. ती शाळा सरकारी आहे, पण माध्यमिक नाही. पुढे ते हायस्कुलात जाते. ते माध्यमिक आहे, पण सरकारी नाही. ते एखाद्या शिक्षण संस्थेचे असते आणि सरकारच्या अनुदानावर चालते. महाराष्ट्राचा माध्यमिक शिक्षणाचा इतिहासच असा घडला. गावातल्या चार जाणत्यांनी वर्गणी काढली, कुणी जागा दिली, संस्था नोंदवली आणि मागाहून सरकारने मास्तरांचा पगार उचलला. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था हे याचे सर्वांत मोठे उदाहरण, पण तालुक्या-तालुक्यात छोट्या संस्थांनी हेच केले. त्यामुळे आपल्याकडच्या बहुसंख्य माध्यमिक शाळांचे वर्णन 'अनुदानित' या एका शब्दात होते. ज्या राज्यांत हायस्कूल मुख्यतः सरकारच चालवते, तिथे 'सरकारी माध्यमिक शाळा' हे वर्णन नेमके बसते. आपल्याकडे त्याच्या एका बाजूने प्राथमिक शाळा गळते आणि दुसऱ्या बाजूने हायस्कूल.

हा शब्द दिल्लीला ठाऊक नाही असेही नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या शाळांच्या संगणक योजनेत, म्हणजे आयसीटी योजनेत, सरकारी आणि सरकारी अनुदानित अशा दोन्ही शाळांचा समावेश होता. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आले तेव्हाही संगणकाच्या घटकात अनुदानित शाळा राहिल्या. म्हणजे वीस वर्षे योजनेच्या मजकुरात असलेला शब्द २०२५ च्या वाक्यात नाही. अंमलबजावणी करताना एखादा समंजस अधिकारी अर्थ सैल करील, अशी आशा करता येते. पण आम्हा लेख वाचणाऱ्यांचा अनुभव असा, की वाद उपस्थित झाला की दगडावर जे कोरले आहे तेच वाचले जाते.

आयसीटी योजनेबद्दल आणखी एक नोंद केली पाहिजे, कारण चौथ्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर तिथे आहे. समग्र शिक्षाच्या चौकटीत एका शाळेला यंत्रसामग्रीसाठी एकरकमी ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि आवर्ती खर्चासाठी वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत रक्कम धरली आहे. आवर्ती खर्च, म्हणजे इंटरनेट, वीज, शिकवणारा माणूस, मिळणार पाच वर्षे. सहाव्या वर्षी काय? मूल तर दरवर्षी नवे येते. पाच वर्षे झाली की प्रयोगशाळेला कुलूप लागल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी वेगळे सांगायला नको.

आकडे सुधारत आहेत, हे मान्यच करायला हवे. केंद्राच्या यूडायस प्लस नोंदींनुसार इंटरनेट असलेल्या शाळा देशभरात २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के होत्या, त्या २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के झाल्या. एका वर्षात दहा टक्क्यांची वाढ लहान नाही. पण 'इंटरनेट आहे' या रकान्यामागे बिल कोण भरते, मुख्याध्यापकांचा मोबाईल की शाळेचे खाते, हे त्या टक्क्यातून दिसत नाही. आणि ग्रंथालयांसाठी तर असा रकाना वाचायलाही मिळत नाही.

पैसा कुणाचा

आतापर्यंत मी दान हा शब्द वापरला. तो इथे दुरुस्त करतो. भारतनेटचा पैसा आपल्याच खिशातून जातो, आणि फार थोड्यांना ते माहीत असते.

१९९९ च्या दूरसंचार धोरणात सार्वत्रिक सेवेची कल्पना आली. ज्या भागात कंपन्यांना नफा दिसत नाही तिथेही सेवा पोहोचली पाहिजे, आणि त्यासाठी कंपन्यांच्या उत्पन्नातून आकारणी घ्यायची. १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी सुरू झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाचे पाच टक्के त्यात जातात. कंपनी ते कुठून आणते? रिचार्जमधून. नागावच्या वाडीत सुपारी सोलणारी बाई महिन्याचे रिचार्ज मारते, तेव्हा तिचाही वाटा त्यात पडतो. दूरसंचार कायदा, २०२३ ने या निधीचे नाव बदलून 'डिजिटल भारत निधी' केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे नियम आले. गोळा झालेली आकारणी पूर्णपणे निधीकडे वर्ग होत नाही, हा आक्षेप महालेखापरीक्षकांनीही घेतलेला आहे.

या निधीचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे भारतनेट. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने तो मंजूर झाला, २०१५ मध्ये भारतनेट झाला. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणे हे उद्दिष्ट. पहिल्या लाखाचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये गाठला गेला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम स्वतःच्या यंत्रणेकडे घेतले आणि 'महानेट' हे नाव आले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले.

एवढे मोठे काम हलके लेखण्याचा माझा हेतू नाही. समुद्राकाठच्या गावापर्यंत काचेची तार नेणे सोपे नसते. माझा आक्षेप एवढाच आहे, की या प्रकल्पाच्या मनात गाव म्हणजे ग्रामपंचायतीचे कार्यालय. तार तिथवर येते. कार्यालय संध्याकाळी बंद होते, आणि वाचनालय उघडते संध्याकाळी. या दोघांमधले अंतर अनेक गावांत दोनशे पावलांचे असते. ती दोनशे पावले कुठल्याच वाक्यात नाहीत.

'परिरक्षण' या शब्दाचे काय झाले

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. खर्च टाकायचा कुठल्या खात्यावर?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यामागे मोठी परंपरा आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे उभे केले. खेर मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, मुंबई सरकारने आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला, आपण तो बसवला नाही. आपल्या कायद्यात ग्रंथालय निधीसाठी राज्याने वर्षाला किमान २५ लाख द्यावेत, असे ठरले. वाचनालये चालवायची ती लोकांच्या संस्थांनी, आणि सरकारने त्यांना अनुदान द्यायचे, हा आपला मार्ग. शाळांचा होता तोच.

१९७० च्या नियमांत या अनुदानाला नाव मिळाले 'परिरक्षण अनुदान'. शब्द विचारपूर्वक योजलेला आहे. उभारणी एकदा होते, परिरक्षण रोजचे असते. आणि वाचनालयाचा वर्ग ठरवताना काय मोजायचे? ग्रंथसंख्या, वर्गणीदार, उघडे राहण्याचे तास, आणि वर्तमानपत्रे व नियतकालिके किती येतात ते.

या शेवटच्या बाबीवर मी बराच वेळ थांबलो. वर्तमानपत्र ही वाचनालयाची मालमत्ता नव्हे. ते संध्याकाळी शिळे होते आणि वर्षाअखेर रद्दीत जाते. तरीही सरकारने ते निकषात घातले आणि त्याच्या मासिक बिलासाठी अनुदान मान्य केले. कारण ज्याला घरी पेपर परवडत नाही, त्याला आजची बातमी आज मिळावी, हे सरकारचे काम आहे, असे त्या नियमकर्त्यांना वाटत होते. नोकरीची जाहिरात, बाजारभाव, दहावीचा निकाल, सारे तेव्हा पेपरात येत असे. आज ते कुठे येते, हे सांगायला नको. तेव्हा १९७० च्या नियमांचा आत्मा पाहिला, तर इंटरनेटचे बिल हे पेपरवाल्याच्या बिलाच्या रांगेतले आहे. नवी योजना, नवे मिशन, नवे पोर्टल यांची गरजच नाही. जुन्या शब्दाचा अर्थ प्रामाणिकपणे लावला तरी काम होते.

पण अर्थ लावून पैसा येत नाही. 'ड' वर्गाचे अनुदान वर्षाला ३० हजार होते. २०२२-२३ मध्ये जाहीर झालेल्या साठ टक्के वाढीनंतर ते ४८ हजार होते. ढोबळ विभागणी अशी, की निम्मे वेतनावर, पाव हिस्सा ग्रंथ आणि नियतकालिकांवर, पाव हिस्सा इतर खर्चावर. म्हणजे ग्रंथपाल बाईंच्या वाट्याला महिन्याला दोन हजार रुपये, आणि इतर खर्चाला वर्षाचे बारा हजार. आता महिना पाचशे रुपयांची जोडणी धरा. अठरा टक्के जीएसटी मिळवला की ५९० होतात, वर्षाचे ७,०८०. उरले ४,९२०, म्हणजे महिन्याला ४१० रुपये. त्यात वीजबिल, झाडलोट, स्टेशनरी, लेखापरीक्षण आणि असलेच तर जागाभाडे. शिवाय अनुदान येते दोन हप्त्यांत, आणि बिल येते बारा हप्त्यांत. जोडणी मार्चमध्ये का बंद पडली, याचे उत्तर या चार ओळींत आहे. त्यात कुणाचा आळस नाही.

बडोद्याने हे कोडे वेगळ्या तऱ्हेने सोडवले होते. गावाने वर्गणीतून एक हिस्सा जमवला, की तेवढाच स्थानिक मंडळाने घालायचा आणि तेवढाच संस्थानाने. ही मदत दरवर्षीची होती. घेणाऱ्याला आपला वाटा आधी दाखवावा लागे, पण तो दाखवला की उरलेले दोन हिस्से कुणाच्या मर्जीवर राहत नसत. आपल्या वाचनालयांच्या दफ्तरात वर्गणीदारांचे रजिस्टर आजही असते. मोजायला माप आहे.

बिलातली सूट : अमेरिकेचे उदाहरण

या विषयावर जगात सर्वांत जास्त काळ चाललेल्या प्रयोगांपैकी एक अमेरिकेतला आहे. १९९६ च्या त्यांच्या दूरसंचार कायद्यातून 'ई-रेट' निघाला. त्यांच्याकडेही कंपन्यांकडून आकारणी घेऊन सार्वत्रिक सेवेचा निधी होतो. फरक खर्चाच्या पद्धतीत आहे. ई-रेटमध्ये शाळेला किंवा ग्रंथालयाला इंटरनेटच्या बिलावर २० ते ९० टक्के सूट मिळते. किती, ते दोन गोष्टींवर ठरते. त्या भागातल्या शाळेतली किती मुले मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत, आणि भाग ग्रामीण आहे की शहरी. वर्षाची कमाल मर्यादा आधी सव्वादोन अब्ज डॉलर होती, २०१४ मध्ये ती ३.९ अब्ज झाली.

आपल्या दृष्टीने यात तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ग्रंथालयाचे नाव कायद्यात शाळेच्या बरोबरीने लिहिलेले आहे. शाळा सरकारी आहे की ना-नफा संस्थेची, यावरून तिला वगळले जात नाही. आणि मदत मिळते ती दरवर्षी येणाऱ्या बिलावर. आपल्याकडे शालेय पोषण आहाराच्या नोंदी आहेत, तेव्हा गरिबी मोजण्याचे साधनही आयते आहे.

पण ते मॉडेल जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणणार नाही. अर्ज, निविदा, प्रतीक्षेचे दिवस, पुन्हा अर्ज, अशी ती वाट आहे. मोठ्या शाळा त्यासाठी सल्लागार नेमतात, लहान वाचनालये कंटाळून अर्जच करत नाहीत. २००० च्या कायद्याने मदतीबरोबर मजकूर गाळण्याची अट आली आणि तिच्यावर मोठा वाद झाला. धोरणही हलते. घरी नेण्यासाठी हॉटस्पॉट देण्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली, सप्टेंबर २०२५ मध्ये ती काढून घेतली गेली. हा निधीच घटनेला धरून आहे का, हा प्रश्न थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निधी टिकला. कायद्यात नाव लिहिलेले असले, तरी चंद्रसूर्याची हमी कुठेच नसते. पण नाव असले म्हणजे निदान भांडता येते.

आक्षेप आणि उत्तरे

हा विषय मी दोन-तीन बैठकांत मांडला, तेव्हा आलेले आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवतो.

पहिला, "मोबाईल सगळ्यांकडे आहे. वाचनालयात इंटरनेट हवे कशाला?" मोबाईल घरात असतो, पण तो कुणाच्या खिशात असतो हे पाहावे. शेजारच्या मुलीचे उदाहरण वर दिले आहे. शिवाय चित्रफीत पाहणे वेगळे, आणि दहा पसंतीक्रम भरून, दाखले चढवून, प्रत छापून घेणे वेगळे. त्याला मोठा पडदा, कळफलक, आणि चुकले तर सांगणारे माणूस लागते. त्या माणसालाच आपण ग्रंथपाल म्हणतो.

दुसरा, "वीजच नसते, इंटरनेट काय करायचे?" हा आक्षेप किनाऱ्यावरच्या माणसाचा आहे आणि मी त्याला हसत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. आमच्या आळीत दोन आठवड्यांहून जास्त दिवे नव्हते आणि मोबाईलचे मनोरे मुके होते. त्याच महिन्यात राज्यभर ऑनलाईन शाळेची चर्चा चालली होती. त्या दिवसांत एक गोष्ट मात्र दिसली. जिथे जनरेटर आला तिथे सारे गाव फोन चार्ज करायला जमले. संकटात प्रत्येक घर वेगळे जोडण्यापेक्षा एक सार्वजनिक जागा आधी जोडणे सोपे असते. बॅटरी आणि जोडणी असलेले वाचनालय ही ती जागा होऊ शकते.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा, आणि त्यात तथ्य आहे. "यातली कितीतरी वाचनालये कागदावरच आहेत." २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली, अनेक ठिकाणी त्रुटी सापडल्या आणि नव्या ग्रंथालयांची मान्यता थांबली. चळवळीतल्या माणसांनी हे लपवू नये. पण जरा विचार करा. रजिस्टरात पुस्तकांचा आकडा फुगवता येतो, वर्गणीदारांची नावे उसनी आणता येतात. चालू जोडणीचे बिल सरकारने परस्पर सेवा देणाऱ्याकडे भरले, तर जोडणी चालू आहे की नाही आणि कोणत्या वेळेला वापरली जाते, हे तपासणीला न येताही कळते. कोण काय वाचतो ते पाहू नये, पण दार उघडले का, एवढे कळायला हरकत नाही. खोटे वाचनालय ओळखण्याचे ते साधन ठरेल.

तेव्हा काय व्हावे

माझी सूचना लहान आहे. राज्याने परिरक्षण अनुदानात इंटरनेटचे स्वतंत्र खाते उघडावे, म्हणजे बाईंच्या प्रश्नाला उत्तर मिळेल. त्या खात्याचे पैसे वेतन आणि पुस्तकांच्या रकमेला हात न लावता, वेगळे यावेत. केंद्राने डिजिटल भारत निधीतून त्यातला वाटा उचलावा, कारण तो पैसा याच कामासाठी गोळा होतो. आणि २०२५ च्या वाक्यात दोन शब्द वाढवावेत : 'अनुदानित' आणि 'ग्रंथालये'.

किती खर्च येईल? अकरा हजार ग्रंथालये आणि वर्षाला ७,०८० रुपये धरले, तर साऱ्या महाराष्ट्राचे बिल पावणेआठ कोटींच्या आसपास जाते. भारतनेटचा आकडा देशाचा आणि अनेक वर्षांचा आहे, त्याच्याशी याची थेट तुलना योग्य होणार नाही. पण माप कळावे म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचकांनी पाहावेत.

आमच्या वाचनालयाची जोडणी गणपतीत पुन्हा सुरू झाली. पाच सभासदांनी वर्षाचे पैसे वाटून घेतले. बाईंनी पावती अहवालात 'देणगी' या सदराखाली लावली, आणि मी बेरीज तपासून सही केली. हिशेब जुळतो. पुढच्या गणपतीपर्यंत.